आधी दार मोजा, मग गर्दी

तुमचा प्रश्न असा: राज्यशास्त्राच्या एम.ए.साठी ‘जहाल चळवळींचा प्रस्थापित उजव्या पक्षांवरचा प्रभाव’ हा लघुप्रबंधाचा विषय घेतला आहे, आणि मार्गदर्शक विचारतात की प्रभाव म्हणजे नेमकं काय धरणार आणि तो मोजणार कसा. त्याला जोडून तुम्ही आणखी एक विचारलं आहे. मोठ्या पक्षाने चळवळीचे मुद्दे उचलले की चळवळीची हवाच निघून जाते, असं पुण्यात चहाच्या टपरीपासून चर्चासत्रापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते खरं का?

प्रभाव मोजायला बसलं की हात आपोआप निवडणुकीच्या आकडेवारीकडे जातो. चळवळीला किती टक्के मतं, किती जागा, मागच्या वेळेपेक्षा किती वाढ. इथेच बहुतेक लघुप्रबंध रुततात. ब्रिटनमधल्या यूकिप या पक्षाला २०१५च्या सार्वत्रिक निवडणुकीत १२.६ टक्के मतं आणि फक्त एक जागा मिळाली. जागांवरून मोजाल तर प्रभाव जवळजवळ शून्य. पुढच्याच वर्षी, २३ जून २०१६ला, त्या देशाने ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, आणि ते सार्वमत घेतलं होतं हुजूर पक्षाच्या सरकारने. यूकिपचं सगळ्यात मोठं उद्दिष्ट दुसऱ्याच पक्षाच्या हातून पूर्ण झालं. म्हणजे मोजपट्टी बदलायला हवी.

माझ्या मते सुरुवात पक्षाच्या घटनेपासून करावी. घटना उघडा आणि तीन गोष्टी शोधा: उमेदवार कोण ठरवतं, नेत्याला कोण हटवू शकतं, आणि या दोन्ही कामांना किमान किती माणसं लागतात. या जागेला आपण दार म्हणू. दार अरुंद असेल तर मूठभर माणसं ते अडवून मोठ्या पक्षाला हवं तिकडे वळवतात. दार रुंद असेल तर लाखाचा मोर्चा काढूनही पक्ष ढिम्म राहू शकतो.

हे किती खरं आहे ते अमेरिकेतल्या युटा राज्यात जवळून पाहता येतं. तिथे रिपब्लिकन पक्षाचा सेनेटचा उमेदवार अधिवेशनात ठरत असे. मार्चमध्ये वस्त्यावस्त्यांत छोट्या सभा भरत, त्यांतून प्रतिनिधी निवडले जात, आणि एप्रिल-मे महिन्यात ते सगळे जमून मतदान करत. एखाद्याला ६० टक्के मतं मिळाली तर उमेदवारी तिथेच पक्की. नाही तर पहिले दोघे पक्षांतर्गत निवडणुकीला (प्रायमरीला, जिथे सर्वसामान्य मतदार मत देतात) सामोरे जात आणि बाकीचे बाद. २०१०मध्ये बॉब बेनेट तीन वेळा निवडून आलेले सेनेटर होते. २००८च्या ७०० अब्ज डॉलरच्या बँक-बचाव योजनेला त्यांनी मत दिलं होतं, आणि सरकारी खर्चाला विरोध करणाऱ्या टी पार्टी चळवळीचा राग त्यावरच होता. या चळवळीने मोठी सभा घेण्यापेक्षा मार्चमधल्या वस्तीसभांना माणसं पाठवली. त्या सभांना एरवी फारसं कोणी फिरकत नाही, त्यामुळे एका गल्लीतली दहा-पंधरा माणसं ठरवून आली तरी प्रतिनिधी त्यांचा होतो. अधिवेशनात साधारण ३,५०० प्रतिनिधी होते. बेनेट दुसऱ्याच फेरीत तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बाद झाले. राज्यातल्या सर्वसामान्य रिपब्लिकन मतदाराला विचारलंच गेलं नाही.

याचा दुसरा भाग अभ्यासक सहसा सोडून देतात, आणि प्रभाव खरा दिसतो तो तिथेच. त्याच राज्याचे दुसरे सेनेटर ऑरिन हॅच १९७६पासून निवडून येत होते. बेनेट यांचं काय झालं ते पाहून त्यांनी दोन वर्षं तयारी केली: भाषा कडक केली, आणि त्याच वस्तीसभांना स्वतःची माणसं पाठवली. २०१२च्या अधिवेशनात त्यांना ५९ टक्क्यांच्या वर मतं पडली, ६०ला थोडीशी कमी, आणि पुढची पक्षांतर्गत निवडणूक त्यांनी आरामात जिंकली. चळवळीचा उमेदवार हरला. पण पराभवाच्या आकड्यात चळवळीचं यश लपलेलं आहे, कारण जिंकलेला माणूस आधीसारखा राहिला नव्हता.

आता दार रुंद केल्यावर काय होतं ते पाहा. २०१४मध्ये युटाने कायदा बदलला आणि सह्या गोळा करून थेट पक्षांतर्गत निवडणुकीत उतरायची दुसरी वाट खुली केली. राज्यव्यापी पदासाठी २८,००० सह्या. २०१८मध्ये मिट रॉम्नी, पक्षाचे २०१२चे अध्यक्षपदाचे उमेदवार, सेनेटसाठी उभे राहिले. अधिवेशनात ते दुसऱ्या क्रमांकावर आले, ४९.१२ टक्के. दोन महिन्यांनी झालेल्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना ७१ टक्के मिळाले. राज्य तेच, पक्ष तोच, माणूस तोच, प्रतिस्पर्धीही तोच. फरक एवढाच की एका ठिकाणी काही हजार माणसं मत देत होती आणि दुसऱ्या ठिकाणी काही लाख. तुमच्या प्रबंधात एकच उदाहरण तपशिलात घ्यायचं असेल तर हे घ्या. चळवळीचं बळ आणि नियमाचं बळ इतकं वेगळं काढून दाखवणारं दुसरं उदाहरण शोधून सापडणार नाही.

व्हर्जिनियातला १० जून २०१४चा निकालही असाच शिकवणारा आहे. एरिक कँटर हे प्रतिनिधीगृहातले बहुमताचे नेते होते. त्यांना पक्षांतर्गत निवडणुकीत डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हरवलं: ३६,१०५ विरुद्ध २८,९१२. एकूण मतदान ६५ हजार. त्याच मतदारसंघात २०१२च्या मुख्य निवडणुकीत कँटर यांना एकट्यांना सव्वादोन लाखांच्या आसपास मतं होती. कँटर यांच्या स्वतःच्या चाचणीत ते ३४ टक्क्यांनी पुढे दिसत होते. ती चुकली, कारण कोण मतदानाला येणार याचा अंदाज जुन्या वेळच्या यादीवर बांधलेला होता. २०१२च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ४७ हजारांच्या आसपास मतदान झालं होतं. या वेळी १८ हजार माणसं जास्त आली. पण आणखी एक आकडा पाहा: कँटर यांना स्वतःला २०१२मध्ये सुमारे ३७ हजार मतं होती, म्हणजे त्यांची ८ हजार मतं घटलीसुद्धा. नवे आले आणि काही जुने सुटले, दोन्ही. जहाल चळवळीबद्दल लिहिताना पहिली गोष्टच सांगितली जाते, दुसरी राहून जाते. प्रस्थापित नेत्याचा मतदार का सुटला, हा प्रश्न निम्मा विषय आहे.

उमेदवारीचं दार हे एक. दुसरं दार सभागृहात असतं आणि तिथे गणित उलटं चालतं: बहुमत जितकं काठावरचं, तितकी छोट्या गटाची किंमत जास्त. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन पक्षाकडे २२२ जागा होत्या आणि बहुमताला २१८ लागत होत्या. म्हणजे चार माणसं गळाली तरी चालतील, पाचवा गळाला की बहुमत गेलं. केव्हिन मॅकार्थी यांना सभागृहाचे अध्यक्ष (स्पीकर) व्हायला १५ फेऱ्या लागल्या, आणि त्यासाठी त्यांनी मान्य केलेल्या अटींत एक अशी होती की कुणीही एक सदस्य अध्यक्षांना हटवायचा ठराव मांडू शकेल. ३ ऑक्टोबर २०२३ला २१६ विरुद्ध २१० मतांनी ते गेले. त्यात स्वतःच्या पक्षाची मतं आठ होती. बहुमत चाळीसचं असतं तर याच आठ जणांना कोणी विचारलं नसतं. त्यामुळे ‘कडव्या गटाचा प्रभाव वाढला’ असं लिहिण्याआधी बहुमत किती होतं ते बाजूला लिहून ठेवा.

ब्रिटनमध्ये ही दोन्ही दारं आणि तिसरं, मतविभागणीचं, एकत्र दिसतात. तिथली निवडणूक पद्धत आपल्यासारखीच आहे, सर्वाधिक मतं तो विजयी, त्यामुळे चार-पाच टक्के मतं फुटली तरी जागा जाते हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. पण तारखा नीट लावा. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी सार्वमताचं आश्वासन २३ जानेवारी २०१३ला दिलं. यूकिपचं मोठं यश, युरोपीय संसदेत २४ जागा, त्यानंतरचं आहे, मे २०१४चं. आश्वासनाआधीच्या सार्वत्रिक निवडणुकीत, २०१०मध्ये, यूकिपला ३.१ टक्के मतं होती. मग कॅमेरून कशाला वाकले? ऑक्टोबर २०११मध्ये सार्वमताच्या ठरावावर त्यांच्याच ८१ खासदारांनी पक्षादेश मोडला होता, हे उत्तराचा मोठा भाग आहे. बाहेरच्या पक्षाची मतं चाचण्यांमध्ये वाढत होती आणि आतले खासदार तीच भीती दाखवून आपली जुनी मागणी पुढे रेटत होते. ‘यूकिपने भाग पाडलं’ हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं आहे. बाहेरचा जहाल आणि आतला जहाल एकमेकांना ओळखतही नसले तरी एकमेकांचं काम करतात. आतला म्हणतो, ‘आम्ही नाही म्हणत हो, मतदार निघून चाललाय.’ बाहेरचा म्हणतो, ‘बघा, त्यांच्याच खासदारांना आमचं पटतंय.’

नेता हटवायचं दारही तिथे अरुंद होतं. तेव्हाच्या नियमानुसार १५ टक्के खासदारांनी पत्र दिलं की अविश्वासाचं मतदान लागे. डिसेंबर २०१८मध्ये ४८ पत्रं पुरली. पंतप्रधान थेरेसा मे २०० विरुद्ध ११७ने जिंकल्या आणि तरी काही महिन्यांत गेल्या. ११७चा आकडा जाहीर झाल्यावर त्यांच्या शब्दाला वजन उरलं नाही.

आपल्याकडे ही दारं कुठे आहेत? परदेशी उदाहरणांवरून भारतावर उडी मारणारे प्रबंध इथे आपटतात. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. पक्षादेश मोडला की सदस्यत्व जाऊ शकतं, आणि एक तृतीयांश फुटीची सवलत २००३च्या ९१व्या दुरुस्तीने गेली. महापालिकेतल्या नगरसेवकांनाही १९८६चा राज्याचा कायदा लागू आहे. त्यामुळे वॉशिंग्टनमधल्या आठ जणांनी जे केलं ते मुंबईच्या विधानभवनात किंवा पुण्याच्या महापालिकेच्या सभागृहात पक्षात राहून करता येत नाही. सभागृहातलं दार आपल्याकडे जवळपास बंद आहे. उमेदवारीचं दार तर त्याहून अरुंद, पण त्याची किल्ली वर असते. विधानसभेच्या एबी फॉर्मचं पाहा: ‘ए’ फॉर्मवर पक्ष कळवतो की सही करायचा अधिकार कोणाला, आणि ‘बी’ फॉर्मवर तो अधिकारी उमेदवाराचं नाव देतो. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला नाही तर तो पक्षाचा उमेदवार धरला जात नाही. वस्तीसभेला गर्दी करून हा कागद मिळवता येत नाही. म्हणून आपल्याकडे जहाल गटाचा दबाव तीन वाटांनी येतो: बंडखोरी करून मतं खाणं, रस्त्यावरचं आंदोलन, आणि तिसरी, सगळ्यात कमी अभ्यासलेली, पक्षाला कार्यकर्ते पुरवणारी संघटना.

मतं खाण्याचं जवळचं उदाहरण २००९चं आहे. २००६मध्ये स्थापन झालेल्या मनसेने त्या वर्षी विधानसभेच्या १३ जागा जिंकल्या. त्यांत आपल्या शेजारचा खडकवासला होता. पण मनसेचं वजन त्या १३ जागांत मोजू नका. जिथे मनसे तिसऱ्या क्रमांकावर होती आणि युतीचा उमेदवार मनसेच्या मतांपेक्षा कमी फरकाने पडला, अशा जागा मोजा. निवडणूक आयोगाच्या निकालपत्रावरून हे काम दोन दिवसांत होतं, फक्त एक पथ्य पाळा: मनसेची सगळी मतं युतीकडेच गेली असती असं गृहीत धरू नका. निम्मी धरून एकदा मोजा, दोन तृतीयांश धरून एकदा, आणि दोन्ही आकडे द्या. पुणे महापालिकेत २०१२ला मनसेचे २९ नगरसेवक होते, २०१७ला दोन. दरम्यान प्रभाग दोन सदस्यांचे होते ते चार सदस्यांचे झाले होते. मोठ्या प्रभागात छोट्या पक्षाला चार उमेदवार आणि तेवढ्या बूथचे कार्यकर्ते उभे करणं कठीण जातं. ही घसरण विचारांची किती आणि प्रभागरचनेची किती, हे वेगळं काढल्याशिवाय ‘लाट ओसरली’ असं लिहू नये.

तिसऱ्या वाटेचं उदाहरण १९८०च्या दशकातलं. एप्रिल १९८०मध्ये स्थापन झालेल्या भाजपने सुरुवातीला गांधीवादी समाजवादाची भूमिका घेतली होती. १९८४ला लोकसभेत दोन जागा आल्या. त्याच वर्षी विश्व हिंदू परिषदेने अयोध्येचं आंदोलन हाती घेतलं, आणि जून १९८९च्या पालमपूर बैठकीत भाजपने राममंदिराची मागणी ठरावाने स्वीकारली. इथे मतं पळवणारा प्रतिस्पर्धी पक्ष नव्हता. आंदोलनाला जाणारा आणि निवडणुकीत बूथवर बसणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकच होता, त्यामुळे त्याच्या मनातलं पक्षाला फार काळ बाजूला ठेवता आलं नसतं. १९८९ला ८५ जागा आल्या, पण तिथे जनता दलाबरोबरचं जागांचं सामंजस्यही होतं. पूर्ण वाढ ठरावाच्या खात्यावर टाकणं चूक. १९९१च्या १२० जागा या दृष्टीने जास्त बोलक्या आहेत.

पुण्यात बसून या विषयावर लिहिणाऱ्याने लोकांच्या मागण्या सरकारपुढे मांडणाऱ्या सार्वजनिक सभेचं प्रकरण सोडू नये. १८७०मध्ये स्थापन झालेल्या या सभेची रचना पाहण्यासारखी होती: सभासद व्हायचं तर किमान ५० जणांनी सही केलेलं मुखत्यारपत्र लागे. म्हणजे प्रवेशाचं दार त्या काळाच्या मानाने चांगलंच रुंद. पण कारभार व्यवस्थापक मंडळाच्या हाती, आणि मंडळ वार्षिक निवडणुकीतून येई. १८९५च्या निवडणुकीत टिळकांच्या गटाने मंडळ ताब्यात घेतलं. रानडे आणि गोखले बाहेर पडले आणि १८९६मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. नाव, पंचवीस वर्षांची पुण्याई, त्रैमासिक, सरकारदरबारची ओळख हे सगळं जुन्या संस्थेकडे राहिलं. १८९६-९७च्या दुष्काळात सभेची माणसं गावोगाव फिरून दुष्काळसंहितेप्रमाणे शेतकऱ्यांचे हक्क काय ते सांगू लागली, आणि १८९७मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सरकारने ऐकायचं थांबवलं आणि गावाने ऐकायला सुरुवात केली. जहालांनी ताब्यात घेतलेल्या संस्थेचं कामच बदलतं, ते असं.

१८९५च्याच वर्षअखेरीचं दुसरं प्रकरण तर मतदानही न होता प्रभाव कसा पडतो ते दाखवतं. काँग्रेसचं अधिवेशन डिसेंबर १८९५मध्ये पुण्यात भरलं. तोवर समाजसुधारणेसाठीची सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मंडपात भरायचा प्रघात होता. पुण्यात विरोध इतका तापला की रानड्यांनी परिषद दुसरीकडे हलवली. कुठलाही ठराव हरला नाही, तरी राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थेचा प्रघात मोडला. फक्त मतदानाच्या नोंदी पाहणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही. मात्र तुलना करताना एक मर्यादा स्पष्ट लिहा: रानडे-गोखले म्हणजे उजवा पक्ष नव्हे, आणि टिळकांचा गट राजकारणात जहाल असला तरी समाजसुधारणेच्या कायद्यांविरुद्ध होता. साम्य यंत्रणेचं आहे, विचारांचं नाही.

संस्था आतून ताब्यात गेली की काय होऊ शकतं याचं सगळ्यात भीषण उदाहरण जर्मनीतलं आहे. डीएनव्हीपी हा तिथला मोठा परंपरावादी पक्ष. डिसेंबर १९२४ला २०.५ टक्के. मे १९२८ला तो १४.२वर आला, आणि त्या पराभवानंतर ऑक्टोबरमध्ये वृत्तपत्रांचे मालक आल्फ्रेड हुगेनबर्ग अध्यक्ष झाले. १९२९मध्ये त्यांनी युद्धभरपाईच्या यंग योजनेविरुद्धच्या मोहिमेत हिटलरला बरोबर घेतलं आणि पक्षातले मवाळ बाहेर पडले. सप्टेंबर १९३०ला डीएनव्हीपी ७ टक्क्यांवर होती आणि नाझी पक्ष २.६वरून १८.३वर. पराभवानंतर घाबरलेला पक्ष आपली दारं सगळ्यात सहज उघडतो. म्हणून तुमच्या कालरेषेत प्रत्येक मोठ्या पराभवानंतरचे पहिले अठरा महिने वेगळ्या रंगाने दाखवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मुद्दे उचलले की चळवळ संपते का. एका निवडणुकीपुरतं बघितलं तर अनेकदा संपल्यासारखी दिसते. फ्रान्समध्ये २००२ला जहाल उजवे नेते ज्याँ-मारी ल पेन यांना पहिल्या फेरीत १६.९ टक्के होते. २००७ला प्रस्थापित उजव्या पक्षाच्या सार्कोझींनी स्थलांतर आणि राष्ट्रीय ओळख हे विषय उचलले आणि ल पेन १०.४वर आले. २०१२ला त्यांची मुलगी १७.९वर होती आणि सार्कोझी हरले. ऑस्ट्रियात १९९९ला २६.९ टक्के मिळवणाऱ्या एफपीओ या जहाल उजव्या पक्षाला परंपरावादी पक्षाने सरकारात घेतलं. २००२ला ती १० टक्क्यांवर कोसळली आणि परंपरावादी ४२.३वर गेले. २०२४ला एफपीओ २८.८ टक्क्यांसह पहिल्या क्रमांकाचा पक्ष ठरला. ब्रिटनमध्ये २०१९ला हुजूर पक्षाने ब्रेक्झिटची घोषणा पूर्णपणे आपली केली आणि ३६५ जागा जिंकल्या. २०२४ला १२१ उरल्या आणि जहाल उजव्या रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के गेले.

तीनही ठिकाणी दिलासा एका निवडणुकीचा ठरला. याचं कारण, मला वाटतं, शब्द आणि निर्णय यांच्यातल्या अंतरात आहे. हुजूर पक्षाने २०१९ला स्थलांतराचा एकूण आकडा खाली आणू असं सांगितलं. जून २०२३ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या वर गेलं. रुग्णालयांना, वृद्धाश्रमांना माणसं हवी होती, विद्यापीठांना परदेशी विद्यार्थ्यांची फी हवी होती. सरकारात बसलेल्या पक्षाला ते नाकारता आलं नाही. मुद्दा उचलल्याने तो मुद्दा महत्त्वाचा आहे हे मोठ्या पक्षानेच मान्य केलेलं असतं, आणि मग पूर्तता झाली नाही की मतदार मूळ दुकानात परत जातो, या वेळी जास्त रागाने. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यातल्या सीएसयू या परंपरावादी पक्षाला तर एका निवडणुकीचाही दिलासा मिळाला नाही. २०१८च्या उन्हाळ्यात नेत्यांनी ‘आश्रय-पर्यटन’ असा शब्द वापरला, सरकारी इमारतींत क्रूस लावायचा नियम आणला, सीमेवरून चॅन्सेलर मर्केल यांच्याशी भांडण काढलं. ऑक्टोबरमध्ये पक्ष ४७.७वरून ३७.२वर आला. भाषेने दुखावलेले मतदार ग्रीन पक्षाकडे गेले आणि ज्यांच्यासाठी ती भाषा होती ते जहाल उजव्या एएफडीकडे, ग्रीन १७.६, एएफडी १०.२. दोन्ही बाजूंनी गळती.

आणि काही वेळा चळवळ मोठ्या पक्षालाच गिळते. कॅनडात १९९३ला सत्तेतला प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्ष १६ टक्के मतं मिळवून दोन जागांवर आला. रिफॉर्म या नव्या उजव्या पक्षाला मतं थोडीच जास्त, पण पश्चिमेकडे एकवटलेली, म्हणून ५२ जागा. दहा वर्षं उजवी मतं फुटत राहिली, २००३ला विलीनीकरण झालं, आणि २००६ला पंतप्रधान झालेले स्टीफन हार्पर रिफॉर्मच्या बाजूने आलेले होते.

मोजायचं कसं ते आता. एक वही किंवा एक्सेलचा तक्ता घ्या आणि चार रकाने आखा: तारीख, चळवळीचं बळ, दाराशी घडलेली घटना, पक्षाचा निर्णय. ‘निर्णय’ या रकान्यात भाषणं घालू नका. ठराव, जाहीरनामा, मंजूर कायदा, उमेदवारी, पदावरून जाणं एवढंच. चळवळीच्या उदयाआधीच्या किमान तीन निवडणुका आणि नंतरच्या दोन घ्या, नाही तर आधीपासून चालू असलेलं वळण चळवळीच्या नावावर चढेल.

जाहीरनाम्यांसाठी वाक्यं मोजायची पद्धत वापरा. एका वाक्यात दोन वचनं असतील तर ते दोन तुकडे धरा: ‘घुसखोरी थांबवू आणि सीमेवर कुंपण घालू’ हे दोन. प्रत्येक तुकड्याला विषय द्या आणि टक्केवारी काढा, नुसती संख्या नको, कारण जाहीरनामे दर निवडणुकीला फुगत जातात आणि सगळेच विषय वाढलेले दिसतात. पहिले शंभर तुकडे दोघांनी स्वतंत्र तपासा. ८० तुकड्यांवरही एकमत होत नसेल तर विषयांच्या व्याख्या पुन्हा लिहा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. हे कंटाळवाणं आहे, पण मार्गदर्शक पहिला प्रश्न यावरच विचारतील. मराठी जाहीरनाम्यांत आणखी एक अडचण येते: ‘अस्मिता’, ‘संस्कृती’, ‘भूमिपुत्र’ हे शब्द सगळेच पक्ष वापरतात. शब्दावर विषय ठरवू नका, मागणीवर ठरवा. ‘भूमिपुत्रांचा सन्मान’ हे वचन नाही. ‘नोकऱ्यांत ८० टक्के जागा स्थानिकांना’ हे आहे.

शेवटी प्रत्येक निर्णयापुढे एक प्रश्न लिहा: चळवळ नसती तरी हा निर्णय झाला असता का, आणि तसं मानायला पुरावा काय? देणगीदारांचा हट्ट, नेत्याची जुनी मतं, आघाडीतल्या मित्रपक्षाची अट, असं दुसरं कारण सापडलं तर तो निर्णय तक्त्यातून पुसू नका. त्यापुढे ते कारण लिहा. तक्त्यात निम्मे निर्णय असे निघाले तरी प्रबंध कमजोर होत नाही, उलट उरलेल्या निम्म्यांवर विश्वास बसतो.

१८९५च्या प्रकरणासाठी नारायण पेठेत केसरीवाड्यातले ‘केसरी’ आणि ‘मराठा’चे जुने अंक बघा, आणि त्यासोबत गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय. दोन्ही बाजू वाचा. विजयी गटाच्या वृत्तपत्रावरून हरलेल्यांचं म्हणणं कळत नाही. एका लघुप्रबंधाला युटा आणि सार्वजनिक सभा ही दोन प्रकरणं, आणि तिसरं २००९चं महाराष्ट्राचं, एवढं पुरेसं आहे. ऑस्ट्रिया, कॅनडा, जर्मनी एकेका परिच्छेदात आटपा. सुरुवात निकालपत्रांपासून करा, कारण ती मिळवायला कुणाची परवानगी लागत नाही.